शिवेवरचा दगड: खानापूर तालुक्यातल्या एका लक्ष्मी यात्रेचं प्रकरण

शेवटच्या दिवशी देवीला कुठल्या शिवेवर न्यायचं, एवढाच प्रश्न होता. 28 वर्षांनी गावात महालक्ष्मीची यात्रा भरायची होती. चव्हाट्यावर देवस्की पंचांची, म्हणजे देवकार्य बघणाऱ्या मानकऱ्यांची, बैठक बसली तेव्हा वर्गणी, रथ, मंडप, पाण्याचे टँकर यांवर तासाभरात एकमत झालं. उठता उठता कुणीतरी म्हणालं, "आणि देवी फाट्यावरच न्यायची न्हवं, मागच्यागत?" त्यावर कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे कोलकार, म्हणजे गावचे सेवेकरी, बोलले, "फाट्यावर गावची शीव न्हाई." उठलेली माणसं परत खाली बसली.

मी याच गावचा. मराठी शाळेत मास्तर म्हणून नोकरी झाली, आता बेळगावात शहापूरला राहतो. यात्रेची स्मरणिका लिहायचं काम पंचांनी माझ्याकडे दिलं होतं, त्यामुळे शीव हुडकायचं कामही माझ्याकडेच आलं. "मास्तर, कागद बगून सांगा," एवढंच ते म्हणाले. गाव नंदगड आणि हलशीच्या मधल्या टेकड्यांत आहे. नाव देत नाही, कारण पुढे ज्यांची मतं सांगणार आहे ती माणसं त्या एका नावावरून ओळखू येतील.

बेळगाव भागाबाहेरच्या वाचकाला आमची यात्रा थोडी समजावून सांगायला हवी. लक्ष्मी यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठे बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी, काही गावांत तर एका माणसाच्या आयुष्यात एकदाच. ठरली की गाव वर्षभर दुसरं काही बोलत नाही. घरांना रंग लागतात, पडव्या निघतात, सुताराच्या अंगणात रथाची चाकं उभी राहतात. यात्रेआधी काही आठवडे मंगळवार आणि शुक्रवार 'वार' पाळतात. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, शेतात विळा चालवायचा नाही. मग पहाटे, सूर्य उगवता उगवता, देवीचं लग्न लागतं आणि सारा गाव अक्षता टाकतो. त्यानंतर होन्नाट: देवीला उचलून नाचवत, भंडारा उधळत गल्ल्यागल्ल्यांतून न्यायचं. त्यात माणसं, भिंती, विजेच्या तारा, कुत्री, सगळं पिवळं होतं. मग देवी रथातून गदग्यावर येते आणि ओट्या भरायला सुरुवात होते. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, लिंबू. या दिवसांत गावची प्रत्येक लेक माहेरी असते, सत्तरीची असो की सतराची. शेवटच्या संध्याकाळी देवी गदग्यावरून उठते आणि शिवेकडे निघते. तिथे गवताची एक झोपडी बांधलेली असते. ती पेटवतात. यात्रा संपते.

होन्नाट आणि गदगा हे शब्द आमच्या तोंडी इतके बसलेत की ते कन्नड आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. होन्नु म्हणजे सोनं, आट म्हणजे खेळ. गद्दुगे म्हणजे आसन. गाऱ्हाणं मराठीत घालायचं, देवीच्या ओव्या मराठीत म्हणायच्या आणि तिच्या सर्वांत मोठ्या दोन विधींची नावं मात्र कन्नड. स्मरणिकेत मी हे लिहिलं तेव्हा एका तरुण पंचानं नाराजीनं विचारलं, "हे लिवायलाच पायजे काय?" मी म्हटलं, पाहिजे. या मुलखाची घडण ज्याला समजून घ्यायची आहे त्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

ही घडण जमिनीतूनच आलेली आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि 304 किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळते. त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात म्हादईचा उगम. ती पश्चिमेला घाट उतरून गोव्यात मांडवी होते. एका तालुक्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कोसळतो. तिथे भात, नाचणा, काजू, फणस, जांभ्याची तांबडी माती. पूर्वेला सरकत जाल तसा पाऊस कमी होतो, रान विरळ होतं, माती काळवंडते, आणि बिडी-इटगीच्या पुढे ज्वारी, कापसाचा मुलूख लागतो. या तेवढ्याच अंतरात मराठी पातळ होत जाते आणि कन्नड दाट होत जाते. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आमचं गाव या सांध्यावर. पश्चिमेच्या शेजारगावात मराठी, पूर्वेच्या शेजारगावात कन्नड.

आता कागद. भूमापन कार्यालयातून गावचा नकाशा काढला. त्यावरून एक गोष्ट निर्विवाद झाली: कोलकार खरं बोलत होते. फाटा, जिथे खानापूरकडून येणारी बस थांबते, तो गावच्या हद्दीच्या चांगला आत आहे. मागच्या यात्रेत देवी शिवेपर्यंत गेलीच नव्हती. पण नकाशानं पुढचं काही सांगितलं नाही. गावाची हद्द काही किलोमीटरची असते. तिच्यावरची नेमकी कुठली जागा देवीची, हे सर्व्हेअरनं कशाला लिहून ठेवावं?

मग उतारे पाहिले. कर्नाटकात 'भूमी' योजनेनंतर उतारे संगणकावर आले, गैरव्यवहार कमी झाले, ते चांगलंच. पण त्यात सर्व्हे नंबर आहेत, क्षेत्र आहे, नाव आहे. शेताचं नाव नाही. माझ्या लहानपणी प्रत्येक तुकड्याला नाव होतं. बांधावरच्या झाडावरून, तिथे मेलेल्या बैलावरून, कधीतरी तिथे राहणाऱ्या म्हातारीवरून. ही नावं कुणी पुसली नाहीत. ती लिहायला रकाना नव्हता, एवढंच.

घरात आजोबांची लाकडी पेटी होती, तिच्यात मोडी कागदांची एक गुंडाळी. मला मोडी येत नाही. माझ्या वडिलांना येत होती, मी कधी शिकून घेतली नाही, आणि त्या दिवसांत त्याची जितकी खंत वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती. बेळगावातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना कागद दाखवले. बहुतेक कर्जाच्या पावत्या निघाल्या. एक मात्र शेताच्या खरेदीचा. त्यात नेहमीप्रमाणे चतुःसीमा दिलेली: पश्चिमेला अमक्याचं शेत, उत्तरेला वाट, दक्षिणेला ओढा, आणि पूर्वेला देवीच्या झोपडीचा माळ. ज्या झोपडीचा उल्लेख मी शोधत होतो ती एका खासगी खरेदीखतात, शेजारच्या शेताची खूण म्हणून उभी होती. म्हणजे शेवटची जागा पूर्वेला होती, ओढ्याच्या अंगाला. फाटा पश्चिमेला. मागच्या वेळी देवी बरोबर उलट्या दिशेला गेली होती.

का? पंचांपैकी कुणाला सांगता येईना. एकानं सांगितलं, गाड्या लावायला जागा होती म्हणून. दुसरा म्हणाला, पूर्वेच्या गावाशी त्या वर्षी वाद होता म्हणून. तिसऱ्याचं म्हणणं सीमाप्रश्नाशी जोडलेलं होतं: देवी कन्नड गावाकडे कशाला न्यायची, असं तेव्हाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं म्हणे. हे तिसरं उत्तर बैठकीत सर्वांना पटलं, कारण ते आमच्या ओळखीचं होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला, तो आज कोल्हापुरात आहे. महाजन आयोग झाला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथल्या मराठी माणसाला ते रोज जाणवतं: दुकानाच्या पाटीवर, तहसीलदार कार्यालयातल्या अर्जावर, शाळेच्या पटावर. हे दुःख खरं आहे आणि मी ते माझ्या नोकरीत, वर्गातली मुलं दरवर्षी कमी होताना पाहिलंय. म्हणूनच गावातल्या कुठल्याही कोड्याला तेच उत्तर देण्याची आम्हाला सवय लागली आहे. या वेळी ते उत्तर चुकीचं होतं.

खरं उत्तर एका आत्तीनं दिलं. नात्यानं माझी चुलत आत्ती, सत्तरी ओलांडलेली, चंदगड तालुक्यात दिलेली. म्हणजे माहेर कर्नाटकात, सासर महाराष्ट्रात. तिच्या जन्माच्या वेळी दोन्ही एकाच जिल्ह्यात होतं. गावात राहणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून झाल्यावर मला सुचलं की यात्रा सर्वांत मन लावून पाहतात त्या लेकी. पुरुष पाहुण्यांच्या मागे असतात, सुना चुलीपाशी असतात. लेक मोकळी असते, ती देवीच्या मागे मागे शेवटपर्यंत जाते.

मी तिच्या घरी गेलो. चहा व्हायच्या आतच ती सांगायला लागली. साठच्या दशकातली यात्रा, तिच्या लग्नाआधीची, तिला पूर्ण आठवत होती. देवी ओढा ओलांडून पूर्वेच्या माळावर गेली होती. तिथे एक उभा दगड होता, त्यावर माणसं कोरलेली. पलीकडच्या गावची माणसं आधीच येऊन शिवेवर उभी होती, आमच्याकडची पीडा त्यांच्या हद्दीत टाकू नये म्हणून राखणीला. आणि मागची यात्रा?

"मागल्या बारीला वळीव आला की रे," ती म्हणाली. "देवी उटली आनि आभाळ फाटलं. वडा भरला. माजं नवं लुगडं भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, ते सगळं धुऊन गेलं. मग पाटील म्हनाले, चला फाट्याकडं, तितं तरी वाट हाय."

वळीव. ना वाद, ना राजकारण. एका संध्याकाळच्या पावसानं देवीची दिशा बदलली आणि 28 वर्षांत ती 'पहिल्यापासूनची प्रथा' झाली. गावातल्या पुरुषांना यात्रेच्या खर्चाचे आकडे पाठ होते, पाऊस आठवत नव्हता. तो आठवला जिचं लुगडं भिजलं तिला.

दगड शोधायला आम्ही चौघं गेलो: म्हातारे कोलकार, त्यांचा नातू, पूर्वेच्या गावचे एक वयस्क गौडा (तिकडचे पाटील) आणि मी. माळ आता माळ राहिलेला नाही. घाणेरी आणि रानमोडी इतकी माजली आहे की कोयत्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. अर्धा दिवस गेला. शेवटी गौडांनाच जागा सापडली. त्यांच्या गावात त्या दगडाला अजून वर्षातून एकदा नारळ फुटतो, हे त्यांनी तिथे पोचल्यावर सांगितलं. आमचा शिवेचा दगड आम्ही विसरलो होतो, शेजाऱ्यानं जपला होता. शीव दोघांची असते, एका गावाला एकट्याची शीव असूच शकत नाही, हे इतकं उघड असूनही पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जायचं मला सुचलं नाही. ते मला आधी सुचायला हवं होतं.

दगड म्हणजे वीरगळ निघाला. कमरेएवढा, एका बाजूला कललेला, तीन कप्प्यांचा. खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, वर शिवलिंगासमोर बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षर एकही नाही. असे वीरगळ या पट्ट्यात गावोगावी दिसतात. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना किंवा गाव राखताना पडलेल्या माणसाची ती खूण. हा कोण, कधीचा, ते सांगता येणार नाही. पण गावाच्या कडेवर पडलेल्या माणसाचा दगड गावाच्या कडेवरच उभा राहिला आणि देवीनं निरोपासाठी तीच जागा निवडली, हे मला तिथे उभं राहून फार नेमकं वाटलं.

या टापूत जमिनीच्या सीमा दगड-तांब्यावर लिहायची रीत फार जुनी आहे. आमच्यापासून जवळच असलेली हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. एकोणिसाव्या शतकात तिथे त्यांचे ताम्रपट सापडले. त्यातल्या एकात राजा मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय म्हणजे जैन मंदिर बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना 33 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन दिल्याची नोंद आहे. पाचव्या शतकातल्या त्या लेखातही जमीन सांगायची ती नदीपासून संगमापर्यंत, अशीच. माझ्या आजोबांच्या खरेदीखतातला ओढा आणि झोपडी त्याच रीतीची. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनी हलशीत भूवराह-नरसिंहाचं मंदिर उभारलं. समोरासमोर दोन गाभारे, एकीकडे वराह, एकीकडे नरसिंह. आमच्या गावची पोरं शाळेच्या सहलीला विजापूर, हंपीला जातात आणि हलशीचं मंदिर बसच्या खिडकीतून बघतात. मीही माझ्या वर्गाला तिथे नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतच घेऊन गेलो.

जागा ठरली. पण त्यातून दुसरा, जास्त अवघड प्रश्न निघाला, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो त्यानं. झोपडी का पेटवतात?

त्यामागे एक कथा आहे. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात ग्रामदेवीच्या संदर्भात ती वेगवेगळ्या रूपांत सांगतात. उच्च कुळातल्या मुलीचं लग्न जात लपवलेल्या तरुणाशी होतं. सत्य कळल्यावर ती संतापून घर पेटवून देते, आणि तो रेडा होतो. पूर्वी यात्रेत रेडा बळी देत त्याचं कारण हेच सांगत. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात 1959 ला पशुबळीबंदीचा कायदा झाला. आमच्या गावात आता कोहळा कापतात. रेडा गेला, झोपडी राहिली. आणि त्या कथेतला तरुण ज्या वस्तीचा, त्या वस्तीचा मान असा की झोपडी त्यांनीच बांधायची.

वस्तीतली शिकलेली मुलं पंचांकडे आली. देवीला खांदा देऊ, वर्गणी देऊ, पण आमच्याच अपमानाची झोपडी आमच्या हातानं बांधणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं मला पहिल्या वाक्याला पटलं. पण त्याच वस्तीतले एक ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, झोपडी गेली तर शिवेवरची पहिली ओटी आमच्या घरची, तो मानही जाईल. गावात आमचं नाव घेऊन हाक मारतात ती त्या एका दिवशी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरं गप्प झाली. कुणाला चूक म्हणावं?

तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं: पहिली ओटी त्या घरचीच, कायमची, आणि ते पंचांच्या वहीत लिहून सह्या करायच्या. झोपडी गावातल्या प्रत्येक गल्लीनं एकेक पेंढी आणून मिळून बांधायची. पेटवायची नाही, ती तशीच माळावर सोडून यायची, पावसाळ्यात कुजून जाईल. काही म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. त्यांनी विरोध नोंदवला आणि तरीही पेंढी आणली.

स्मरणिकेत मी ही कथा तिच्या डंखासकट लिहिली होती, आणि झालेली चर्चाही. पंचांनी ते पान काढलं. सणाच्या पुस्तकात जखम कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी मानलं, पण मला ते पटलेलं नाही. पुढची यात्रा आणखी पंचवीस-तीस वर्षांनी भरेल. तेव्हा झोपडी का पेटवत नाहीत असं कुणी विचारलं तर उत्तर काय मिळेल? त्या पानाची एक प्रत मी मोडी कागदांच्या पेटीत ठेवली आहे आणि दुसरी आत्तीच्या नातीकडे दिली आहे.

आणखी एक अडचण होती: माळाचा काही भाग आता वनखात्याच्या हद्दीत येतो. मोठा जमाव, वाजंत्री, दिवट्या घेऊन तिथे जाता येणार नव्हतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी देवी ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत आली, सगळा गाव तिथे थांबला, आणि मोजकी माणसं ओटी घेऊन ओढा ओलांडून गेली. झोपडी अलीकडच्या काठावरच, एका मोकळ्या शेतात बांधली होती.

आत्ती त्या मोजक्या माणसांत होती. नातवानं हात धरला होता, ओढ्यात घोट्याएवढंच पाणी होतं. पलीकडे गौडा आणि त्यांच्या गावचे दहा-बारा जण उभे होते, जुन्या रीतीप्रमाणे राखणीला. दगडाभोवतीची घाणेरी त्यांनी सकाळीच तोडून ठेवली होती. कोलकारांनी गाऱ्हाणं मराठीत घातलं. वस्तीतल्या त्या ज्येष्ठांच्या सुनेनं पहिली ओटी दगडापुढे ठेवली. मग गौडा पुढे झाले, "बर्री अक्का," म्हणजे 'या ताई', म्हणत त्यांनी आत्तीला बसायला घोंगडं टाकलं, आणि ती बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं.